परागाला कुलूप, किल्ली कुणाकडं?

साथींनो,

या पत्रकात आपण दर खेपेला जमिनीच्या दाव्यांबद्दल लिहितो. कोणाचा दावा उपविभागीय समितीत अडकला, कोणाचं क्षेत्र मोजणीत कमी भरलं, कोणाला पेरणीच्या तोंडावर अडवलं. या खेपेला बियाण्याबद्दल लिहितोय. काही साथी म्हणतील, हा विषय आत्ताच कशाला, आधी पट्टा तर हातात येऊ द्या. आमचं म्हणणं असं की पट्टा मिळाला आणि त्याच पट्ट्यात दर साली दुकानातून पिशवी आणल्याशिवाय पेरता आलं नाही, तर जमीन आपली झाली ती अर्धीच. उरलेली अर्धी त्या पिशवीत राहिली.

मागच्या रब्बीत डोंगरपट्ट्यातल्या आपल्या काही घरांनी वनजमिनीच्या तुकड्यावर संकरित ज्वारी पेरली होती. ताटं जोमात आली, पोटरी धरली, कणसं निसवली. पण दाणे भरले नाहीत. कणीस हातात घेऊन चोळलं तर नुसतं फोल. दुकानदार म्हणाला, थंडी पडली, त्याला आम्ही काय करू. पंचनाम्याला गेलो तर साहेब म्हणाले, सातबारा आणा. पावती मागितली तर ती कोणाकडंच नव्हती, कारण उधारीवर दिलेल्या पिशवीची पावती आपल्याला कोण देतो? अशी एकाच दिवशी तीन दारं बंद झाली.

थंडी पडली हे खरं. परभणीचा पारा हिवाळ्यात १० अंशांच्या खाली उतरतो, ही बातमी दर साली पेपरात येतेच. पण त्याच थंडीत शेजारच्या रानातली मालदांडी भरली. मग थंडीनं नेमकं काय बिघडवलं? हे कोणी सांगेना. आम्ही ते शिकलेल्या साथींकडून समजून घेतलं आणि इथं मांडतोय. विषय जरा किचकट आहे. पण आपल्याला समजणार नाही असं त्यात काही नाही, आणि आपल्याला समजत नाही असं धरूनच आजवर सगळा कारभार चाललाय.

पराग कसा तयार होतो

साळ घ्या नाहीतर ज्वारी, फुलोरा येतो तेव्हा प्रत्येक बारक्या फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. नराच्या बारीक थैल्या बाहेर लोंबतात, त्यांना परागकोश म्हणतात. त्यातली पिवळी भुकटी म्हणजे पराग. तो मादीवर पडला की दाणा धरतो, नाही पडला तर फूल फोल.

परागकोशाला आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. परागाचं सगळं पोषण तेच करतं. काम झालं की त्या अस्तरानं वेळेवर मरायचं असतं. ते मरतं आणि त्याच्यातला शेवटचा रस परागाला मिळतो. अस्तर लवकर मेलं तर पराग उपाशी मरतो. वेळेवर मेलं नाही तरी पराग बिघडतो. हे सगळं झाडाच्या बीजातल्या हुकमांनी चालतं, त्यांना जनुकं म्हणतात. साळीत असे कितीतरी हुकूम शास्त्रज्ञांनी शोधलेत. यूडीटी-१ नावाचं जनुक नसलं तर अस्तर पुरतं तयारच होत नाही. टीडीआर नावाचं जनुक नसलं तर अस्तर मरायचं थांबतं. टीडीआरच्या मागून ईएटी-१ कामाला लागतं. एका मागे एक असे हुकूम सुटतात, तेव्हा कुठं चिमूटभर पिवळी भुकटी तयार होते. पोटरीच्या दिवसांत पडलेली थंडी किंवा फुलोऱ्यात ३५ अंशांच्या वर गेलेलं ऊन, दोन्हींमुळे साळीत हे काम बिघडतं आणि फोल वाढतं, हेही आता नीट माहीत झालंय.

आता धंद्याची गोष्ट. संकरित बी करायचं म्हणजे एका वाणाच्या मादीवर दुसऱ्या वाणाचा पराग पाडायचा. त्यासाठी मादी म्हणून धरलेल्या झाडाचा स्वतःचा पराग आधी संपवावा लागतो. कापसाचं फूल मोठं असतं, तिथं मजूर बाया आणि पोरं नखानं कळीतला नर काढतात. एका बोंडात पुष्कळ सरक्या मिळतात म्हणून ते परवडतं. साळीचं फूल दाण्याएवढं आणि एका फुलात एकच दाणा. एकरभर साळीची फुलं नखानं सोलायला गावंच्या गावं लागतील. म्हणून असं झाड पाहिजे होतं ज्याचा पराग आपोआप मरेल. सगळा खेळ इथून सुरू झाला.

एका रानभाताची गोष्ट

१९७० च्या नोव्हेंबरात चीनच्या हैनान बेटावर युआन लाँगपिंग यांच्या सोबत्यांना पाणथळ जागेतल्या रानभातात एक झाड सापडलं. त्याचे परागकोश सुकलेले, पराग मेलेला. कोणी पेरलेलं नाही, कोणी निंदलेलं नाही, आपोआप उगवणारं गवत. त्या एका झाडापासून पुढं १९७३ पर्यंत संकरित भाताच्या तिन्ही ओळी जुळल्या आणि १९७६ पासून चीनमध्ये त्याचा मोठा पेरा झाला.

तीन ओळी म्हणजे काय ते सांगतो. पहिली ओळ नर-वांझ, ती मादी म्हणून वापरायची. दुसरी तिची जोडीदार, पहिलीचं बी दर साली टिकवायला. तिसरी बापाची, जिच्या बीजात मेलेला पराग परत जिता करायचा हुकूम असतो. पहिल्या ओळीवर तिसरीचा पराग पाडला की संकरित बी तयार. शेतकऱ्याच्या रानात त्या बियाला दाणे भरतात, कारण आईकडून कुलूप आलं तरी बापाकडून किल्लीही आलेली असते.

कुलूप कुठं असतं? पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक कण असतात, पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात. साळीत त्या आईकडूनच पिलाकडं येतात. २०१३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं की हैनानच्या त्या रानभाताच्या तंतुकणिकांत डब्ल्यूए-३५२ नावाचं एक जनुक आहे. परागकोशाच्या अस्तरात ते आपला माल साठवतं आणि अस्तर वेळेच्या आधी मारून टाकतं. पराग उपाशी मरतो. किल्ली म्हणजे बापाकडची जनुकं, आरएफ-३ आणि आरएफ-४. ती त्या घातक हुकमाला आवर घालतात आणि पराग जगतो. ही किल्ली दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या साळींत जास्त सापडते. म्हणजे आपल्यासारख्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या पेरत ठेवलेल्या वाणांत.

वांझ हा शब्द आपल्या समाजात बायांना शिवी म्हणून देतात. बायांनी हे ध्यानात ठेवावं की कंपनीच्या या सगळ्या धंद्यात वांझ केलेला आहे तो नर.

महाराष्ट्रात भाताचं सह्याद्री हे संकरित वाण १९९८ मध्ये कर्जतच्या संशोधन केंद्रातून आलं. त्याची आई फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची आयआर ५८०२५ ए ही ओळ आहे आणि तिच्यात हैनानच्या त्याच रानभाताचं कुलूप आहे. कोकणातल्या खाचरात हललेली लोंबी थेट त्या पाणथळातल्या गवताशी जाऊन भिडते. ते गवत कोणत्या कंपनीनं बनवलं? कोणीच नाही. पाणथळ जागा शाबूत होती म्हणून ते होतं.

आपल्या ज्वारीत तेच

आपल्याकडं साळ थोडी. सखल वावरात, ओलीच्या जागी. परभणीच्या कृषी विद्यापीठानं कोरडवाहू साळीवर काम केलं, प्रभावती हे वाण तिथलंच. पण आपलं पोट ज्वारीवर, आणि ज्वारीत हे कुलूप भाताच्याही आधी आलं. १९५४ मध्ये अमेरिकेत टेक्सासला स्टीफन्स आणि हॉलंड या दोघांनी मिलो आणि काफिर या ज्वारींचा संकर करून नर-वांझ झाड मिळवलं. मिलो आणि काफिर मुळात आफ्रिकेतल्या, तिथल्या शेतकऱ्यांनी जपलेल्या. ७२ च्या दुष्काळात रेशनला मिळालेली लाल मिलो म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल, हे नाव तेच. त्या कुलपावर १९६४ मध्ये भारतातली पहिली संकरित ज्वारी सीएसएच-१ निघाली. पुढं मराठवाडाभर खरीप ज्वारी म्हणजे हायब्रीड असं समीकरण झालं.

गंमत बघा. आपल्या मालदांडीतही पराग मारणारं असंच एक कुलूप सापडलं. जगभरच्या ज्वारीच्या शास्त्रात ते मालदांडी या नावानंच नोंदलेलं आहे. सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानात ज्यांनी मालदांडी टिकवली त्यांचं नाव मात्र कुठल्याच नोंदीत नाही.

आता आपल्या फोल कणसांकडं येऊ. संकरित ज्वारीत आईचं कुलूप असतंच, फक्त बापाच्या किल्लीनं ते उघडलेलं असतं. रब्बीत निसवण्याच्या आधी रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गेला की काही संकरित वाणांत ही किल्ली नीट चालत नाही. पराग मरतो. मालदांडी, दगडी यांच्या पेरणीच्या बियात मुळात कुलूपच उघडायचं नसतं, म्हणून त्या त्याच थंडीत भरत आल्यात. ही अडचण ज्वारी-शास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. शास्त्रज्ञाला माहीत, बियाणंवाल्याला माहीत, फक्त पेरणाऱ्याला माहीत नाही. म्हणून 'थंडी पडली' हे उत्तर आम्हाला मान्य नाही. थंडी दर साली पडते. थंडीत न चालणारी किल्ली थंडीच्या मुलखात विकली, हा दोष विकणाऱ्याचा.

आणखी एक. पराग न मिळालेलं फूल जास्त दिवस उघडं राहतं, त्यात चिकटा रोग शिरायला वाव मिळतो. म्हणजे फोल तर फोल, वरून रोग.

दुसऱ्या वर्षाचंही ऐका. संकरित पिकातलंच बी राखून पेरलं तर आईचं कुलूप सगळ्या झाडांत येतं, किल्ली सगळ्यांत येत नाही. एकाच किल्लीचा हिशोब धरला तर चार झाडांत साधारण एक झाड परागाविना राहतं. बाकीचीही एकसारखी नसतात, कोणी उंच, कोणी बुटकं, कोणी लवकर, कोणी उशिरा. १९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत टर्मिनेटर बियाण्याचं पेटंट निघालं, तेव्हा देशभर शेतकरी रस्त्यावर आले आणि २००१ च्या कायद्यानं असल्या बियाण्याच्या वाणाची नोंदणी बंद केली. ते चांगलंच झालं. संकरित बी कायद्याच्या भाषेत टर्मिनेटर नाही आणि सगळं बी काही मरत नाही. पण दर मिरगाला दुकानाची पायरी चढायला लावायचं काम ते तितक्याच शिस्तीत करतं.

मोहरीचा धडा

साळ-ज्वारीतलं कुलूप रानातल्या किंवा शेतातल्या झाडांत सापडलेलं आहे. आता प्रयोगशाळेत बनवलेलं कुलूपही आलंय. दिल्ली विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी डीएमएच-११ नावाची जनुक बदललेली मोहरी तयार केली. तिच्या एका पालकात मातीतल्या जिवाणूचं बार्नेज हे जनुक घातलंय आणि ते परागकोशाच्या त्याच अस्तरात चालेल असं बसवलंय. अस्तर मरतं, पराग मरतो. दुसऱ्या पालकात बारस्टार नावाची किल्ली. सोबत तणनाशक सोसणारं एक जनुकही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राच्या समितीनं तिला हिरवा कंदील दाखवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली.

मोहरी आपलं पीक नाही, मग सांगायचं कशाला? उद्या हेच साळीत, ज्वारीत येऊ शकतं म्हणून. आणि तणनाशक सोसणारं पीक आलं की ज्याला ते तण म्हणतात ती आपली भाजी जाते. तरोटा, पाथरी, घोळ, कुरडू. खुरपणीची मजुरी जाते, ती बायांची.

त्यांचा सवाल, आमचा जवाब

आम्हाला विचारतील, हायब्रीडनं उतारा वाढला की नाही? वाढला. आम्ही डोळे झाकून बोलत नाही. चांगल्या रानात, खतपाण्यावर संकरित ज्वारी जास्त पिकते. पण आपलं रान कसलं? उताराचं, मुरमाड, पावसावरचं. तिथं खताचा डोस भागत नाही, आणि ऐन काढणीच्या पावसात दाणा काळा पडला की बाजार निम्म्यानं घेतो. कडबाही जनावरं मालदांडीचा खातात तसा खात नाहीत. बाजाराच्या पिशवीवर छापलेला उतारा कोणाच्या रानातला, हे त्या पिशवीवर कधी लिहिलेलं नसतं.

दुसरं म्हणतील, तुम्ही शास्त्राच्या विरोधात आहात. उलट आहे. पराग कसा मरतो आणि कसा जगतो हे शोधणाऱ्या शास्त्राबद्दल आम्हाला आदर आहे. त्याच शास्त्रानं आम्हाला सांगितलं की दुकानदार खोटं बोलत होता. आमचा विरोध शास्त्राला कुलूप-किल्लीचं दुकान करण्याला आहे. हे ज्ञान बांधावर आलं पाहिजे. परभणी विद्यापीठानं आणि हैदराबादच्या इक्रिसॅटनं मिळून परभणी शक्ती नावाची ज्वारी २०१८ मध्ये दिली, लोह आणि जस्त जास्त असलेली. ती सरळ वाण आहे, संकरित नाही. तिचं बी राखता येतं, शेजाऱ्याला देता येतं, तिच्यात कुलूप नाही. म्हणजे मनात आणलं तर असंही शास्त्र करता येतं.

तिसरं म्हणतील, ही जनुकं शोधायला लाखो रुपये लागले, मग मोबदला नको का? मोबदला द्यावा. पण हिशोब पुरा करावा. रानभात टिकवला तो पाणथळानं आणि त्याच्या आसपासच्या माणसांनी. किल्ली टिकवली ती साळ पेरणाऱ्यांनी. मिलो आणि काफिर टिकवली ती आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी. या मोबदल्याचा रकाना कोणत्याच वहीत नाही.

छत्तीसगडमध्ये डॉ. रिछारिया यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भाताचे वाण गोळा केले. १९ हजारांवर नमुने रायपूरच्या कृषी विद्यापीठात जमा होते. २००२ मध्ये सिंजेंटा या परदेशी कंपनीबरोबर तो साठा खुला करायचा करार होत होता, संकरित भातासाठी. बातमी बाहेर आली, शेतकरी आणि आदिवासी संघटना उठल्या आणि त्याच वर्षी कंपनीला माघार घ्यावी लागली. ते नमुने कोणाच्या कोठारातून आले होते? बस्तरच्या, सरगुजाच्या आपल्याच भाऊबंदांच्या. म्हणून म्हणतो, आपल्या वावरातलं आणि जंगलातलं बी म्हणजे बिनमालकाचा माल नव्हे.

कायदा काय म्हणतो

वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(के). जैवविविधतेचा वापर, तिच्याशी जोडलेलं पारंपरिक ज्ञान आणि त्यावरची बौद्धिक संपदा, यावर गावाचा सामूहिक हक्क आहे. सामूहिक दाव्याच्या फॉर्ममध्ये याचा वेगळा रकाना आहे. आपल्या बहुतेक गावांनी तो कोरा सोडलाय, कारण दावा भरून देणारे म्हणाले की त्यात काही लिहायची गरज नाही. गरज आहे. परभणी जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, पेसा आपल्याला लागू नाही. पण वनहक्क कायदा लागू आहे आणि त्याच्या कलम ५ नं जंगल आणि जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय.

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१, कलम ३९. नोंदलेल्या वाणाचंसुद्धा बी राखायचा, पेरायचा, परत पेरायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचा हक्क शेतकऱ्याला आहे. फक्त कंपनीचं लेबल लावून विकता येत नाही. याच कलमात असंही आहे की नोंदलेलं वाण कोणत्या परिस्थितीत किती पिकेल हे देणाऱ्यानं सांगायला पाहिजे, आणि तसं पिकलं नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. थंडीत किल्ली चालत नाही हे न सांगणं या कलमाच्या आड येतं. वाण राखण्यात एखाद्या गावाचा वाटा असेल तर कलम ४१ खाली ते गाव दावाही करू शकतं.

ग्राहक न्यायालय. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात निकाल दिला की बी विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे. त्यानं सगळं बी पेरलं, नमुना मागं ठेवला नाही, म्हणून त्याचा दावा फेटाळता येत नाही.

बघा, कायदे आहेत. पण प्रत्येक कायद्याच्या दारात कागद मागतात आणि कागद जमिनीचा असतो. सातबारा नाही म्हणून पंचनामा नाही, पंचनामा नाही म्हणून भरपाई नाही. बी फोल गेलं तर ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचं नुकसान झालं, ज्यानं घाम गाळला त्याचं झालंच नाही, असा हा न्याय. म्हणून आम्ही म्हणतो की बियाण्याची लढाई आणि जमिनीची लढाई एकच आहे.

येत्या हंगामात काय करायचं

एक. पावतीशिवाय पिशवी घ्यायची नाही, उधारीवर असली तरी. पावतीवर वाणाचं नाव आणि लॉट नंबर पाहिजे. रिकामी पिशवी आणि लेबल चुलीत घालायचं नाही, आढ्याला खोचून ठेवायचं. मूठभर बी बाजूला ठेवता आलं तर चांगलंच.

दोन. निसवताना रानात जाऊन परागकोश बघायचे. चांगला परागकोश टपोरा, पिवळा असतो, बोटावर भुकटी सोडतो. वांझ परागकोश पांढरट, सुकलेला असतो, भुकटी सोडत नाही. पाच-दहा कणसांना फुलोरा सुरू व्हायच्या आधी कागदी पिशवी बांधायची आणि फुलोरा सरेपर्यंत ठेवायची. पिशवीतलं कणीस फोल आणि उघड्या कणसात शेजारच्या मालदांडीच्या परागावर काही दाणे भरलेले, असं निघालं तर दोष परागाचा, हे उघड झालं. हे करताना गावातली चार माणसं साक्षीला ठेवायची, तारीख लिहायची, मोबाईलवर फोटो काढायचे.

तीन. शंका आली की फुलोऱ्यातच लेखी तक्रार करायची, काढणीची वाट बघायची नाही. तालुक्याच्या बियाणं तक्रार समितीला अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. विद्यापीठाच्या माणसानं येऊन पराग तपासावा अशी मागणी अर्जातच लिहायची. आयोडीनच्या द्रावणात चांगला पराग काळा होतो, मेलेला होत नाही. हे काम दहा मिनिटांचं आहे. त्याला खर्च नाही, इच्छा लागते.

चार. ग्रामसभेत ठराव घ्यायचा: वनजमीन कसणाऱ्याचा पंचनामा सातबारा नसला तरी वनहक्काच्या पट्ट्यावर, आणि पट्टा नसेल तर दाव्याच्या पोचपावतीवर झाला पाहिजे. हा ठराव तहसीलदाराला आणि जिल्हाधिकाऱ्याला द्यायचा.

पाच. गावात कोणाकडं कोणतं बी आहे त्याची यादी करायची. दगडी, मालदांडी, गुळभेंडी, हुरड्याची कुचकुची, जुनी तूर, उडीद, मूग, सखलातली साळ, तळ्याकाठचा रानभात. यादी म्हाताऱ्या बायांना विचारून करायची, कारण उतरंडीत काय आहे ते त्यांनाच ठाऊक. ही यादी सामूहिक दाव्याला जोडायची आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीतही घालायची. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय बियाचा एक दाणाही नमुना म्हणून बाहेर जाणार नाही, असंही लिहून ठेवायचं. विद्यापीठाचा माणूस आला तर त्याला पाणी द्या, बसवा, आणि ठरावाचा कागद दाखवा.

सहा. दर घरानं निदान दहा गुंठ्यांत राखायच्या वाणाचं बी पेरायचं. संकरित पेरायचं त्यानं पेरावं, आम्ही कोणाच्या हातातली पिशवी हिसकावत नाही. पण घरातली उतरंड रिकामी करून नव्हे.

आणि विद्यापीठाकडं आपली मागणी: प्रत्येक संकरित वाणाच्या पिशवीवर मराठीत ठळक छापायला लावा की हे बी राखून पेरू नये, आणि किती थंडीत याचा पराग टिकत नाही. रब्बीसाठी आणि हलक्या रानासाठी सरळ वाणांवर काम वाढवा. त्यांचं पायाभूत बी ग्रामसभांना द्या, बिजोत्पादन आमच्या बायांचे गट करतील. १९७२ पासून हे विद्यापीठ आपल्या जिल्ह्यात आहे. त्याच्या फाटकापासून आपल्या डोंगरापर्यंतचा रस्ता काही इतका लांब नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं दोन कागद आणायचे: बियाण्याची यादी आणि सामूहिक दाव्याची प्रत. ज्या गावाचा तो रकाना कोरा आहे त्यांनी तसं स्पष्ट सांगावं, तिथंच बसून पुरवणी दावा लिहू. जमिनीचा दावा भरताना आपण झाडं मोजली, विहिरी मोजल्या, देवाची ठाणी मोजली. आता बी मोजायचं आहे.

ज्यांना वाचता येतं त्यांनी हे पत्रक ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि वाचून झाल्यावर पुढच्या गावाला द्यावं.

जिंदाबाद.